फळे घातलेल्या कोलस्लॉला पाणी सुटते तेव्हा काय काय तपासावे

पाहुणे येण्याआधी तासभर केलेला कोलस्लॉ, म्हणजे चिरलेल्या कोबीत दही-मेयोनीजचे घट्ट मिश्रण (ड्रेसिंग) कालवून केलेली गार कोशिंबीर, वाढायला घेतला, की वाडग्याच्या तळाशी दुधाळ पाणी साचलेले असते. वरचा कोबी ओला पण निस्तेज दिसतो, दाताखाली कुरकुरत नाही, आणि सकाळी चमच्यावर घट्ट उभे राहणारे ड्रेसिंग आता कोबीला धरून न राहता खाली ओघळलेले असते. घरगुती समारंभांसाठी पदार्थ करून देण्याच्या कामात हा एकच दोष मी इतक्या वेळा पाहिला आणि दुरुस्त केला आहे, की त्याची कारणे आता मला चवीवरून आणि तळाच्या पाण्याच्या रंगावरून ओळखता येतात. ती ओळख इतरांनाही व्हावी, या हेतूने हे लिहीत आहे.

आधी लक्षणे नीट पाहावीत, कारण ‘पाणी सुटले’ या एका तक्रारीत निदान चार वेगवेगळे दोष दडलेले असतात. तळाचे पाणी पातळ, किंचित पांढरट आणि चवीला खारट-गोड असेल, तर ते कोबीतून आलेले असते. पाणी पिवळसर-हिरवट आणि आंबट असेल आणि ड्रेसिंगमध्ये दह्याचे बारीक कण दिसत असतील, तर दह्याची निवळी सुटलेली असते. ड्रेसिंग पातळ होऊन चवीत स्पष्ट कडवटपणा उतरला असेल, तर दोष बहुधा न शिजवलेल्या अननसाचा असतो. पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत असतील, तर मेयोनीज फुटलेले असते. सफरचंद तपकिरी पडणे हा निराळा आणि निरुपद्रवी दोष आहे, पण तो बहुतेक वेळा याच वाडग्यात सोबत दिसतो. या सर्वांहून वेगळे एक लक्षण आहे: कोलस्लॉला आंबूस, आंबलेला वास येणे किंवा त्यात बारीक बुडबुडे दिसणे. तसे आढळल्यास पुढचे काहीही न तपासता तो टाकून द्यावा.

लक्षणांवरून खात्री पटत नसेल, तर वाट्यांची एक चाचणी करावी. तिला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच नाही. पहिल्या वाटीत नुसता चिरलेला कोबी ठेवावा, दुसरीत तोच कोबी ड्रेसिंग लावून ठेवावा आणि तिसरीत नुसते ड्रेसिंग ठेवावे. अर्ध्या तासाने पहिल्या वाटीच्या तळाशी ओल दिसली, तर कोबी धुताना किंवा चिरताना चूक झाली आहे. तिसऱ्या वाटीत कडेला पाणी सुटले, तर दोष ड्रेसिंगचा आहे. पहिली आणि तिसरी कोरडी राहून फक्त दुसरीला पाणी सुटले, तर चूक कोणाचीच नाही, आणि नेहमी असेच होते. कोबीच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. ड्रेसिंगमधले मीठ आणि साखर पेशींमधले पाणी बाहेर ओढतात. आपल्या कोशिंबिरीत मीठ ऐनवेळी घालायचे, हा घरोघरीचा नियम याच कारणासाठी आहे. म्हणून कोबीला पाणी सुटूच नये, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ते चाळणीत सुटू द्यायचे की वाढायच्या वाडग्यात, एवढेच आपल्या हाती असते आणि पुढच्या बहुतेक तपासण्या त्यासाठीच आहेत.

सर्वांत सोपी आणि फुकटची तपासणी वेळेची. कोलस्लॉ कालवल्यापासून खाईपर्यंत किती वेळ जातो, हे आधी स्वतःला विचारावे. वीस मिनिटांत खाल्ला जाणार असेल, तर कोबीवर काहीही संस्कार करण्याची गरज नसते. उलट चिरलेला कोबी पंधरा-वीस मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवला, तर पेशी पाणी शोषून ताठ होतात आणि कुरकुरीतपणा वाढतो, मात्र नंतर तो पूर्ण कोरडा करावा लागतो. दोन तासांनी किंवा डब्यातून नेऊन खायचा असेल, तर बर्फाच्या पाण्याचा मार्ग चुकीचा ठरतो, कारण शोषलेले सगळे पाणी नंतर ड्रेसिंगमध्येच उतरते. तेव्हा उलट मीठ लावून कोबीतले पाणी आधीच काढावे लागते, ते पुढे सांगितले आहे. हे दोन मार्ग परस्परविरुद्ध आहेत, आणि एकाच पाककृतीत दोन्ही करणाऱ्यांची फसगत मी अनेकदा पाहिली आहे. सर्वांत सुरक्षित पद्धत अशी, की कोबी, फळे आणि ड्रेसिंग तीन वेगळ्या डब्यांत थंड करून ठेवावेत आणि पान वाढायच्या वेळी एकत्र करावेत. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

दुसरी तपासणी धुण्याची. आपल्याकडे कोबीतल्या अळ्यांच्या धास्तीने चिरलेला कोबी पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. काळजी योग्य आहे, पण ती चिरण्याआधी घ्यावी. गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पाने काढून त्याचे चार तुकडे करावेत, ते मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, मग वाहत्या पाण्याखाली धुऊन कापलेली बाजू खाली करून चाळणीत निथळत ठेवावेत. चिरून धुतलेल्या कोबीच्या प्रत्येक काडीला पाण्याचा पातळ थर चिकटतो. अर्धा किलो कोबीत हे पाणी ड्रेसिंग पातळ करायला पुरेसे असते. कोबी कोरडा झाला का, हे पाहण्यासाठी मूठभर कोबी स्वच्छ पंचात गुंडाळून हलकेच दाबावा. पंचावर ओला डाग उमटला, तर अजून थांबावे. फळांनाही हेच लागू आहे. द्राक्षे, डाळिंबाचे दाणे आणि बेदाणे ओले असताना घातले, की त्यांच्यावरचे पाणी ड्रेसिंगमध्ये जाते. बेदाणे तर भिजवूच नयेत, कारण कोरडे बेदाणे वाडग्यातली थोडी ओल स्वतः शोषून घेतात आणि फुगून अधिक रुचकर लागतात.

तिसरी तपासणी चिरण्याची. किसणीवर किसलेला किंवा मिक्सरच्या भांड्यात फिरवलेला कोबी कापला न जाता चेचला जातो, आणि चेचलेल्या पेशींतले पाणी मीठ न घालताही बाहेर येते. पहिल्या वाटीत पाणी दिसण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. गड्ड्याचा मधला कडक दांडा काढून पाने दोन-तीन मिलिमीटर रुंदीची, लांब चिरावीत. विळीला धार असेल, तर तिच्यासारखे साधन नाही. फूड प्रोसेसर वापरायचाच असेल, तर काप करणारी चकती लावावी, बारीक करणारे पाते नव्हे. धार तपासण्यासाठी पिकलेला टोमॅटो घ्यावा. सुरी त्याच्या सालीवर दाब न देता उतरली पाहिजे, साल आधी दबून मग फाटत असेल तर सुरी बोथट आहे. अशी सुरी घरच्या दगडावर घासून सुधारत नसेल, तर धार लावणाऱ्याकडे द्यावी, कारण चुकीच्या कोनात घासत राहिल्याने पाते आणखी बिघडते आणि बोथट सुरीने हात कापण्याचा धोका जास्त असतो.

आता फळांकडे वळू. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण साध्या कोलस्लॉमध्ये न होणारे बिघाड फळांमुळे होतात आणि त्यांचे खापर बिचाऱ्या कोबीवर फोडले जाते.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे प्रथिनांचे विघटन करते. दही, चक्का किंवा साय यांतल्या दुधाच्या प्रथिनांवर ते काम करू लागले, की घट्टपणा जातो आणि काही वेळाने कडवट चव येते. एका मुंजीच्या जेवणासाठी मी सकाळी आठला कालवलेला कोलस्लॉ साडेबाराला वाढताना असा कडू झाला होता, आणि मी दही जुने असल्याचा संशय घेऊन दही बदलत राहिले. पुढच्या दोन खेपांनाही तेच झाल्यावर अननस वगळून पाहिला, तेव्हा खरे कारण कळले. उपाय सोपा आहे. अननसाच्या फोडी त्यांच्याच रसात चार-पाच मिनिटे उकळाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि चाळणीत निथळून मगच घालाव्यात. उष्णतेने विकर निष्क्रिय होते. डब्यातला अननस प्रक्रियेत तापवलेला असतो, त्यामुळे तो हा उपद्रव करत नाही, मात्र त्याचा पाक पूर्ण निथळावा लागतो. किवी आणि कच्ची पपई यांच्यातही अशाच प्रकारची विकरे असतात, म्हणून दह्याच्या ड्रेसिंगमध्ये मी ती वापरत नाही. नुसत्या मेयोनीजमध्ये दूध नसते, तिथे हा दोष फारसा जाणवत नाही.

सफरचंद घट्ट, आंबटसर आणि नवीन हंगामाचे निवडावे. शीतगृहात बरेच महिने राहिलेले सफरचंद दिसायला उत्तम असले, तरी आतून पिठूळ झालेले असते आणि कोलस्लॉमध्ये त्याचा तासाभरात भुगा होतो. विकत घेताना एक फोड खाऊन पाहता आली तर उत्तम. ते तपकिरी पडू नये म्हणून काप करताच एक लहान चमचा लिंबाचा रस चोळावा, कारण आम्लामुळे रंग बदलणाऱ्या विकराचे काम मंदावते. सफरचंद सर्वांत शेवटी चिरावे, हा त्याहूनही सोपा उपाय आहे. द्राक्षे अख्खी घालावीत, अर्धी केलेली द्राक्षे रस सोडतात. डाळिंबाचे दाणे न फुटता घातले, तर कुरकुरीतपणा वाढतो, फुटले तर सगळे ड्रेसिंग गुलाबी होते. संत्रे आवडत असेल, तर त्याच्या फोडी कालवू नयेत, वाढताना वरून ठेवाव्यात. कलिंगड आणि चिकू या पदार्थात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथवर सगळे ठीक असूनही दुसऱ्या वाटीला पाणी सुटत असेल आणि कोलस्लॉ काही तास टिकायला हवा असेल, तर कोबीतले पाणी आधीच काढून घ्यावे. अर्धा किलो चिरलेल्या कोबीला दीड लहान चमचा, म्हणजे सात-आठ ग्रॅम मीठ हलक्या हाताने चोळावे आणि तो चाळणीत, खाली भांडे ठेवून, अर्धा ते एक तास ठेवावा. नंतर मूठमूठ घेऊन दाबून पिळावा आणि पंचावर पसरावा. हा कोबी किंचित लवचीक होतो, पण त्याचा चावताना येणारा करकरीतपणा जात नाही, आणि पुढे ड्रेसिंगमध्ये तो फारच थोडे पाणी सोडतो. मीठ जास्त झाले असे वाटले, तर थंड पाण्यातून एकदा काढून पुन्हा पिळावा. ड्रेसिंगमध्ये मात्र आता चव पाहिल्याशिवाय मीठ घालू नये. बहुतेक वेळा ते घालावेच लागत नाही. सुटलेले पाणी फेकू नये, कणीक मळताना किंवा आमटीत मीठ कमी करून ते वापरता येते.

त्यानंतरची तपासणी ड्रेसिंगची, आणि तिला आदल्या रात्रीची तयारी लागते. बाजारातले किंवा घरी विरजलेले दही ढवळले, की त्याची घडी मोडते आणि निवळी वेगळी होऊ लागते. ते कितीही घट्ट दिसले तरी हे टळत नाही. म्हणून दही मलमलच्या कपड्यात बांधून, फ्रिजमध्ये भांड्यावर टांगून, पाच-सहा तास निथळू द्यावे. अर्धा किलो दह्याचा साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का होतो. श्रीखंड करणाऱ्या घरांना हे सांगण्याची गरज नाही, पण तोच चक्का कोलस्लॉसाठीही उत्तम, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. परदेशात राहणाऱ्यांना ग्रीक योगर्ट सहज मिळते, तेही चालते, फक्त डब्यात वर साचलेले पाणी ओतून टाकावे.

माझे प्रमाण असे आहे: अर्धा किलो कोबी, एक मोठे सफरचंद आणि एक वाटी शिजवलेला अननस यांना दीडशे ग्रॅम चक्का, तीन मोठे चमचे मेयोनीज, एक लहान चमचा मोहरीची पूड, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि एक लहान चमचा पिठीसाखर. मोहरी येथे केवळ झणझणीतपणासाठी नाही. ती तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला मदत करते, त्यामुळे ड्रेसिंग फुटत नाही. साखर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण साखरही मिठासारखेच पाणी ओढते आणि गोडवा द्यायला फळे आहेतच. ड्रेसिंग फुटून तेल वेगळे झालेच, तर स्वच्छ वाडग्यात एक चमचा मेयोनीज घेऊन त्यात फुटलेले ड्रेसिंग थेंबाथेंबाने घालत फेटावे. बहुतेक वेळा ते पुन्हा जमते. नुसत्या ताज्या सायीने किंवा क्रीमने घट्टपणा आणण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. ते सुरुवातीला छान दिसते, पण कोबीच्या पहिल्या पाण्याबरोबरच पातळ होते.

कोबीच्या गड्ड्याचीही तपासणी करावी. आकाराच्या मानाने जड आणि दाबल्यावर न दबणारा गड्डा घ्यावा. हिवाळ्यातला गड्डा बहुधा घट्ट आणि गोडसर असतो. सैल पानांचा, हलका गड्डा भाजीला चालतो, कोलस्लॉला नाही. जांभळा कोबी वापरला तर त्याचा रंग ड्रेसिंगमध्ये उतरतोच. तो वेगळा ठेवून शेवटी वरून पसरावा.

पाहुणे दारात असताना पाणी सुटलेले लक्षात आले, तर चाळणीत ओतून पाच मिनिटे निथळू द्यावे, न दाबता. मग दोन चमचे चक्का आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट घालावे. कूट उरलेली ओल शोषते, आपल्या कोशिंबिरीत ते हेच काम करत असते. असा सावरलेला कोलस्लॉ लगेच संपवावा.

शेवटची आणि सर्वांत खर्चिक तपासणी फ्रिजची. वरचे सगळे करूनही कोलस्लॉ दर वेळी लवकर आंबत असेल, तर दोष पाककृतीत नसून थंडाव्यात असण्याची शक्यता मोठी असते. पाण्याने भरलेल्या पेल्यात तापमापक ठेवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवावा. सकाळी पारा पाच अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर फ्रिज पुरेसा गार नाही. आधी फ्रिजच्या बटणावरचा थंडाव्याचा अंक वाढवून पाहावा, भांड्यांची दाटी कमी करावी आणि दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. ती सहज निसटत असेल, तर रबर सैल आहे. फ्रिजचा प्लग काढून मागची धूळ झटकावी. एवढ्याने फरक पडला नाही, तर तिथेच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे. कॉम्प्रेसर आणि गॅसच्या नळ्यांना स्वतः हात लावू नये.

थांबण्याच्या बाबतीत मी कठोर आहे आणि इतरांनीही असावे, अशी माझी विनंती आहे. कालवलेला कोलस्लॉ बाहेर दोन तासांहून अधिक राहिला, आणि बत्तीस अंशांच्या वरच्या उकाड्यात एक तासाहून अधिक राहिला, तर तो वाढू नये. मेयोनीजमधल्या आम्लाने तो टिकेल, हा भरवसा चुकीचा आहे, कारण कोबीचे पाणी सुटताच ते आम्ल विरळ होते. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनीज मी कधीच वापरत नाही. तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली होती, ती अन्नविषबाधेच्या घटनांनंतरच. फ्रिजमध्येही मी चोवीस तासांपलीकडे कोलस्लॉ ठेवत नाही. १९८१ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया भागात लिस्टेरिया या जीवाणूची साथ कोलस्लॉतून पसरली होती. मेंढ्यांचे कच्चे खत घातलेल्या शेतातला कोबी थंडीत साठवून वापरला गेला होता, आणि हा जीवाणू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. साथीत बाधितांमध्ये गर्भवती आणि नवजात बाळांची संख्या मोठी होती. म्हणून घरात गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी कोबी नीट धुऊन त्याच वेळी करावा आणि लगेच वाढावा, विकतचा तयार कोलस्लॉ देऊ नये.

खाल्ल्यानंतर कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ओआरएस थोडे थोडे पाजत राहावे. पाणीही पोटात टिकत नसेल, ताप जास्त असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. गर्भवतीला नुसता ताप आणि अंगदुखी जाणवली, तरी थांबू नये. तिने कोलस्लॉ काही आठवड्यांपूर्वी खाल्लेला असला, तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण लिस्टेरियाची लक्षणे उशिराही दिसू शकतात.